लाल गिटार काचेत ठेवू नये

मी, सुलोचना कृष्णकांत सावे, गावात सुलूवैनी म्हणतात ती, वय वर्षे चोपन्न, धंदा मोटरचे कॉइल भरणे, राहणार कुंभवली, तालुका पालघर, जिल्हा ठाणे, आज खंडेनवमीच्या दिवशी स्वतःच्या घराच्या ओटीवर बसून, पोट सोडून बाकी सगळे अवयव धड असताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणणारे पुष्कळ होते, पण त्यांचे काही चालले नाही, ते पुढे येईलच.

माझे डोके ठिकाणावर आहे. ही ओळ सगळ्यांच्याच मृत्युपत्रात असते असे पालघरचे वकील म्हणाले. माझ्या बाबतीत ती जरा ठासून लिहावी लागते, कारण गावाचे मत बरीच वर्षे उलट आहे. जी बाई देवापुढे दिवा लावते आणि लगेच भोंग्याला करंट लावून अख्खी आळी हादरवते, तिचे डोके ठिकाणावर कसे असेल, असे विचारणारे आहेत. त्यांनी माझ्या हातची भरलेली मोटर उघडून पाहावी. बिघडलेल्या डोक्याने तशी भरता येत नाही.

पुढच्या आठवड्यात मुंबईला पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरू नका. मी मरणाला घाबरलेली नाही. पण माझ्यामागे या घरातून एक वस्तू उचलली जाणार आहे, आणि उचलणाऱ्याने तिचे माप घेऊन ठेवले आहे. मागच्या महिन्यात माझे धाकटे दीर आत्माराम भाऊजी टेप घेऊन आले, भिंतीवरची माझी गिटार खाली उतरवली, लांबी-रुंदी मोजली, कागदावर लिहून घेतली, आणि चहा पिऊन गेले. मी तिथेच लसूण सोलत बसले होते. मला कोणी काही विचारले नाही. मेलेल्या माणसासमोर सुद्धा लोक जरा दबकून वागतात. त्या दिवशी ठरवले की कागद करायचा.

यापूर्वी मी कुठे काही लिहून दिले असेल, तोंडी कबूल केले असेल, किंवा "बघू" म्हणाले असेन, तर ते सर्व रद्द समजावे. "बघू" हा शब्द मी नाही म्हणायला वापरते, हे घरच्यांना ठाऊक आहे.

कलम पहिले. घर माझ्या यजमानांकडून माझ्या नावावर आले. ते माझा मुलगा आनंदा याला द्यावे. मागची वाडी, चिकूची झाडे आणि विहिरीतला अर्धा हक्क त्यालाच. पोस्टातले पैसेही त्याचेच. बांधावरच्या रामफळाचा वाद भाऊजींशी वाटणी झाल्यापासून चालू आहे. तो मी आनंदाला देत नाही. ज्याच्या अंगणात फळ पडेल त्याने खावे आणि गप्प बसावे.

आनंदा मुलगा चांगला आहे. कारखान्यात पाळीवर जातो, घरी येतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. हाच त्याचा गुण आणि हेच माझे दुखणे. भाऊजी माप घेऊन गेले त्या रात्री तो म्हणाला, "काका मागतात तर देऊन टाकू ना आई. तुज्यामागं ती वाजवणार कोण?"

मी म्हटले, बघू.

त्या प्रश्नाचे उत्तर या कागदात आहे. घाईने शेवट वाचू नये. क्रमाने वाचावे.

कलम दुसरे. माझे हाताने फिरवायचे वाइंडिंग मशीन, पक्कड, कात्र्या, बांबूच्या पट्ट्या, आणि तार तपासायचा दिवा, हे सर्व सोमी हिला द्यावे. सोमी डोंगराकडची. पहिल्यांदा बोईसरला आली ती भात कापून झाल्यावर, विटा वाहायला. मग आमच्या गाळ्यात झाडू मारायला लागली, आणि एक दिवस मी तिच्या हातात तार दिली. तेव्हापासून आम्ही शेजारी शेजारी बसून मोटरी भरतो. आता ती सालवडला खोली घेऊन राहते. तिला साक्षीदार करायचे होते, पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये असे वकील म्हणाले. सोमी रुसली. म्हणाली, "मंग माजी सही कुटं? पकडीवर करू?" म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी तिच्याकडे सोपवते. पक्कड हातात असलेल्या बाईशी कोणी फार वाद घालणार नाही.

याच कारणाने माझी सून मंदा हिलाही साक्षीदार केलेले नाही. घरात सून असताना शेजारची बाई कशाला बोलावली, असे कुजबुजणाऱ्यांनी थोडा दम धरावा.

कलम तिसरे, गिटारबाबत. हे लांबणार आहे.

वस्तूचे वर्णन: सहा तारांची, विजेवर चालणारी गिटार. रंग लाल, कडेला उडालेला. बनावट कलकत्त्याची. अंग फळ्या चिकटवून केलेले, मान जाड, तारांचे कान पिळायच्या चाव्यांपैकी एक ढिली, तिच्यात मी पत्र्याची पाचर मारली आहे. तिसरी तार वाजवता वाजवता उतरते, ती उतरणारच. मुंबईच्या दुकानात ही सर्वात स्वस्त होती म्हणूनच आमच्या गावात आली. ज्याला मऊ गाणी वाजवायची आहेत त्याने हिच्या वाटेला जाऊ नये. मऊ वाजवले तर ही रडते. जोरात वाजवले तर हिच्यासारखी दुसरी नाही.

ही गिटार आणली गावच्या बेंजो पार्टीने, चौऱ्याहत्तर साली. माझे यजमान कृष्णकांत पार्टीत बेंजो वाजवत. हळदीला, वरातीला, गणपतीला आमच्या पार्टीशिवाय या पट्ट्यात पान हलत नसे. आत्माराम भाऊजी ढोलावर आणि हिशेबावर. कोणीतरी सांगितले की आता गिटारचे दिवस आले आहेत, म्हणून आणली. पहिल्याच हळदीला मंडपवाल्या दामूच्या भोंग्याला जोडली, आणि ती अशी किंचाळली की नवरीची आजी पाटावरून उठून घरात गेली. आवाज वाढवला की शिट्टी, कमी केला की मुकी. त्यात एका पावसाळ्यात खारी हवा लागून तिचे तारांखालचे, आवाज पकडणारे कॉइल मेले. भाऊजी म्हणाले, "डबडं हाय ते." ती आमच्या माळ्यावर गेली. पार्टीने तिच्याबद्दल पुन्हा कधी विचारले नाही. ही गोष्ट सोमीने पार्टीला वाचून दाखवावी, लागल्यास दोनदा.

पुढे आनंदा शाळेत जायला लागल्यावर मी बोईसरला मोटरी भरायच्या गाळ्यात कामाला लागले. तिथे एकदा एक टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आला. मोटर जळली होती. मी भरली, बसवली, आणि आत जी कॅसेट होती तीच लावून पाहिली. आवाज फाटत होता. गिटारचा आवाज, पण करवतीने पत्रा कापावा तसा. मी परत उघडला. मोटर बघितली, पट्टा बघितला, स्पीकर बदलला, टेपचे हेड पुसले. तरी फाटतच होता. दुसऱ्या दिवशीही तेच. मालक ओरडले, मोटरी पडून राहिल्या, पण दोष सापडल्याशिवाय मी वस्तू परत देत नाही.

संध्याकाळी टेपरेकॉर्डरचा धनी आला. इकडच्याच एका कारखान्यात नवीन लागलेला बाहेरगावचा पोरगेला इंजिनियर. मी त्याला म्हटले, भाऊ, मोटर झाली, पण आवाज काही सुधारत नाही. त्याने ऐकले आणि तो हसायलाच लागला. म्हणाला, "दीदी, मशीन ठीक है. ये लोग ऐसा ही बजाते हैं."

मी विचारले, "जानबूझकर?"

तो म्हणाला, "हां, जानबूझकर."

मुद्दाम. मी तो शब्द घरी घेऊन आले. जन्मापासून मला एकच गोष्ट शिकवली होती, की आवाज कमी कर. हळू हस, हळू बोल, भांडे आपटू नको, पाट्यावर हळू वाट. आणि तिकडे कुठल्या तरी देशात माणसे मुद्दाम आवाज फाडतात आणि लोक तो विकत घेऊन ऐकतात. मला राग आला. इतकी वर्षे कोणी सांगितले का नाही, याचा राग. त्या रविवारी माळ्यावर शिडी लावली आणि गिटार खाली काढली.

तिचे कॉइल मी गाळ्यात भरले. मूळचे किती वेढे होते ते मेलेल्या कॉइलवरून कळेना, म्हणून केसासारखी तार घेतली आणि बॉबीन गच्च होईपर्यंत भरत गेले. मग आम्ही मोटरच्या कॉइलला करतो तेच केले, वॉर्निशमध्ये बुडवले आणि भट्टीत भाजले. गिटारच्या कॉइलला असे कोणी करते की नाही मला माहीत नव्हते. आमच्याकडे कॉइल म्हटले की वॉर्निश, म्हणजे वॉर्निश. पण त्यानेच तिची शिट्टी बंद झाली. आणि जास्त वेढ्यांमुळे ती अशी काही बोलायला लागली की दामूकडून विकत घेतलेला जुना, तडकलेला भोंगा जोडल्याबरोबर फळीवरचे नटबोल्ट नाचू लागले. शेजारच्या गाळ्यातला फिटर ग्रीसचा डबा घेऊन धावत आला. त्याला वाटले कुठली तरी बेअरिंग गेली.

वाजवायचे कसे ते सोमीने सांगितले, तिला स्वतःला वाजवता येत नसताना. ती ऐकून म्हणाली, "माज्या बापानं तारपा फुंकला की असाच घोगरा वाजतो. एक नळी खालचा सूर धरून बसते, दुसरी वर फिरते. तू सगळ्या तारांच्या मागं कशाला लागतेस?" तेव्हापासून मी जाड तारा धरून ठेवते आणि वर फिरते. मला बेंजोवरची गाणी येत नाहीत. मला जे येते ते माझेच आहे.

आता जुने येणे. एक्क्याऐंशी सालची खंडेनवमी. पार्टीची सगळी वाद्ये भाऊजींच्या ओटीवर पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात. त्या दिवशी वाद्य वाजवायचे नाही, पुजायचे. मी आंघोळ करून, गिटार पुसून, नवीन फडक्यात गुंडाळून नेली आणि बेंजोशेजारी ठेवली. भाऊजींनी ती उचलली आणि खाली जमिनीवर, चपलांच्या बाजूला ठेवली. म्हणाले, "वैनी, हे वाद्य नाय, फाटका भोंगा हाय. आनि बायकांनी वाजवल्याला हळद लागत नाय." सगळी पार्टी बसली होती. कोणी काही बोलले नाही. बोलायला तोंडे होती सगळ्यांना, नुकताच प्रसाद खाल्ला होता.

मी गिटार उचलली आणि बाहेर आले. मला रडू आले होते हे लिहून ठेवते, कारण ते खरे आहे, आणि रडल्याने माझे म्हणणे कमी होत नाही. बोईसरच्या गाळ्यात आमची मशीनपूजा चालली होती. सोमीने वाइंडिंग मशीन जरा सरकवले, गिटार तिथे ठेवली, तिला हळद लावली, कुंकू लावले, आणि झेंडूचे फूल तारांत खोचले. म्हणाली, "हत्यार हाय ना? मंग." पूजेनंतर मी वाजवली. पुजलेले वाजवू नये असे म्हणणारे तिथे कोणी नव्हते. सरावली गावापर्यंत आवाज गेला म्हणतात. तेव्हापासून दर खंडेनवमीला गिटारची हळद गाळ्यात लागते. पार्टीने तिला हळद लावलेली नाही, एकदाही नाही. म्हणून पार्टीचा तिच्यावर हक्क नाही. ज्याने हळद लावली नाही त्याने माप घेऊ नये.

माझ्या यजमानांबद्दल कोणी गैरसमज करून घेऊ नये. ह्यांनी मला कधी वाजव म्हटले नाही आणि कधी थांब म्हटले नाही. भावाविरुद्ध बोलायची त्यांना सवय नव्हती. पण त्या खंडेनवमीला मी पायी निघाले तेव्हा मागून सायकलची घंटी वाजली. कॅरियरला दामूचा भोंगा बांधलेला होता. ते पुढे गेले, मी मागून गिटार घेऊन. गाळ्याच्या दाराशी भोंगा उतरवला आणि पाळीची वेळ झाली म्हणून निघून गेले. पुढे ते असेपर्यंत दरवर्षी नेत. ह्यांनी माझ्यासाठी शब्द खर्च केला नाही, पण सायकल चालवली. मला तेवढे पुरले.

आता ते नाहीत, आणि पार्टीचा रौप्यमहोत्सव आला आहे. सगळ्या पार्ट्यांत आता कॅसिओ आणि गिटारा आल्या. तेव्हा आमच्या पार्टीला अचानक आठवले की या पट्ट्यात विजेची गिटार सर्वात आधी आपण आणली. पार्टीच्या खोलीत काचेचे कपाट होणार. त्यात गिटार, गिटारला हार, वर ह्यांचा फोटो, आणि खाली पाटी. पाटी रंगवून सुद्धा झाली आहे, दामूने पाहिली: "कै. कृष्णकांत सावे यांची गिटार".

ती त्यांची नाही. त्यांनी ती आयुष्यात कधी मांडीवर घेतली नाही. ती माझी आहे. तिचे कॉइल माझ्या हातचे, तिचा आवाज माझ्या हट्टाचा, आणि तिच्यापायी खाल्लेल्या शिव्या माझ्या. आता तिला मान मिळणार म्हणून ती नवऱ्याची झाली होय? फाटका भोंगा होता तेव्हा सुलूवैनीचा, आणि कपाटात जायची वेळ आली की कैलासवासींचा. वा, भाऊजी.

म्हणून असे फर्मावते की गिटार कोणत्याही काचेत, कपाटात, खोलीत, फोटोखाली किंवा हाराखाली ठेवू नये. कोणाच्या आठवणीसाठी ठेवू नये, माझ्याही नाही. वाजवायची असेल तर ठेवावी.

ती स्वस्त आहे म्हणून हलकी समजू नये. तारापूरच्या कॉलनीतला एक मुलगा परदेशी गिटार घेऊन आमच्या गाळ्यात आला होता, त्याच्या आवाज वाढवायच्या मशीनचा ट्रान्सफॉर्मर भरायला. सहज म्हणून माझी घेतली आणि दुपारभर सोडेना. अदलाबदल करायची का, असे विचारले. त्याची गिटार देखणी होती, नखरा होता तिला. मी म्हटले, बघू.

कलम चौथे. आत्माराम भाऊजींना मी ह्यांचा बेंजो देते. तो खरा ह्यांचा. बटणे ह्यांच्या बोटांनी झिजली आहेत. काचेत ठेवायचा असेल तर तो ठेवावा, पाटी तीच चालेल, फक्त "गिटार" पुसून "बेंजो" करावे. हे मी टोमण्याने लिहीत नाही. भावाचा फोटो बघून भाऊजींचे डोळे अजून भरतात हे मी पाहिले आहे. त्यांना भावाची वस्तू मिळावी. माझी मिळू नये.

कलम पाचवे, दहाव्याच्या दिवसाबाबत. पिंडाला कावळा शिवला नाही की आपल्याकडे लोक हात जोडून मेलेल्याची इच्छा ओळखायला लागतात. अमुक करू, तमुक सांभाळू, आता शिव. मला नक्की माहीत आहे की भाऊजी पुढे होऊन म्हणतील, "वैनी, गिटार आमी काचंत जपून ठेवू, आता शिवा." आणि तेवढ्यात कावळा आलाच, तर ती माझी संमती समजू नये. तो कावळा आहे, त्याला भूक लागते. माझी संमती या कागदावर आहे, दुसरीकडे शोधू नये.

कलम सहावे आणि शेवटचे.

"तुज्यामागं ती वाजवणार कोण?"

माझी सून मंदा, माहेर सफाळे, हिला या गिटारचा कंटाळा आहे असे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ती स्वतः तसे सांगते. मी वाजवायला बसले की ती टीव्ही मोठा करते. भाऊजी सगळीकडे सांगत फिरतात की घरातली सून सुद्धा वैतागली. मी एकदाही तिला उलट बोलले नाही, आणि लोकांना त्याचे नवल वाटते, कारण बाकी कोणाला मी सोडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात बोईसरची वीज गेली म्हणून मी भर दुपारी घरी आले. आनंदा पाळीवर होता. मागच्या बाजूने येत होते, धुण्याच्या दगडापाशी थांबले. घरात कोणीतरी गिटार वाजवत होते. करंट न लावता, नुसत्या सुक्या तारा, भिंतीपलीकडे जाणार नाही इतपत. आधी वाटले आनंदा पाळीवरून लवकर आला. पण आनंदाच्या हाताला ताल नाही, तो लहानपणी टाळ्या सुद्धा उशिरा वाजवायचा. खिडकीतून पाहिले. मंदा खाली बसली होती, पदर कमरेला खोचून, डोळे मिटून. मी जाड तारा धरते ते तिने धरले होते, आणि वर जिथे माझी बोटे पोचत नाहीत तिथे तिची फिरत होती. मला जे इतकी वर्षे ऐकू येत होते पण वाजवता येत नव्हते, ते ती वाजवत होती. सुके, मुके, करंटशिवाय.

मी आत गेले नाही. तशीच मागे फिरले, नाक्यावर जाऊन बसले आणि रोजच्या वेळेला घरी आले. ती म्हणाली, "आई, आज तरी नका वाजवू, डोकं दुकतंय." मी म्हटले, बरं. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले आहेत. विचारले तर नारळ खवून पडले म्हणते. मी जन्मभर नारळ खवले आहेत. खवून बोटांच्या टोकाला घट्टे पडत नाहीत.

तिने का लपवले ते मी विचारत नाही. लोक मला वेडी म्हणतात ते तिने ऐकले आहे. या घरात एक वेडी पुरे, असे तिला वाटले असेल. पण मंदा, ऐक. मला वेडी म्हणून काय झाले? भाकरी गोड लागायची थांबली नाही. झोप लागायची थांबली नाही. ज्यांनी म्हटले त्यांचे पंखे जळाले तेव्हा ते माझ्याकडेच आले.

तरी, ही लाल गिटार, तिचा पट्टा, दामूचा भोंगा आणि त्याचे आवाज वाढवायचे मशीन, वायर आणि तारांचा डबा, हे सर्व मी माझी सून मंदा हिला देते. आनंदाला नाही. नवऱ्याने बायकोची म्हणून ती आपली समजू नये. मंदा हे घर सोडून कुठे गेली तर गिटार तिच्याबरोबर जाईल. तारांना खोबरेल लावू नये, मुंग्या येतात, मशीनचे तेल थेंबभर पुरे. अट एकच. सुकी वाजवायची नाही. करंट लावायचा, ओटीवर बसायचे, आणि दर खंडेनवमीला तिची हळद मंदाने स्वतःच्या हाताने लावायची. आवाज फाटतो म्हणणाऱ्याला तिने एकच उत्तर द्यावे, जे मला मिळाले होते.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर. साक्षीला आलेल्या शेजारच्या रंभाबाईंना वाचता येत नाही म्हणून दुसरा साक्षीदार दामू याने वरचा सगळा मजकूर ओटीवर मोठ्याने वाचला. शेवटच्या कलमाला आत नारळ खवायचा आवाज थांबला. मंदा उंबऱ्यात आली. हाताला खोबरे होते. मला म्हणाली, "त्या दुपारी धुन्याच्या दगडापाशी तुमी होता?"

मी हो म्हटले.

"मंग आत का नाय आलात?"

"आले असते तर तू थांबली असतीस."

दामू कागदात बघत राहिला. समोर भाऊजींच्या ओटीवर पार्टीची पूजा चालली होती, घंटा वाजत होती. मंदाने हात पदराला पुसले. देवघरात जाऊन हळदीची वाटी आणली, भिंतीवरची गिटार काढली, आणि लाल रंगावर पाची बोटे उमटवली. मग विचारले, "आई, भोंग्याची वायर कुटं हाय?"

मी सांगितले.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, ते बरोबर आहे. यातला शब्द न् शब्द मी मुद्दाम लिहिला आहे.

सही: सुलोचना कृष्णकांत सावे
ठिकाण: कुंभवली, तालुका पालघर, जिल्हा ठाणे
दिनांक: खंडेनवमी, शके १९१८, सन १९९६

साक्षीदार पहिली: रंभाबाई, शेजारीण, हिच्या डाव्या अंगठ्याची निशाणी. तिच्या सांगण्यावरून लिहिले: सही माझ्यासमोर झाली. आवाज फार होता. समोरची घंटा ऐकू येत नव्हती.

साक्षीदार दुसरा: दामू मंडपवाला, कुंभवली. सही माझ्यासमोर झाली. सहीची शेवटची रेघ वाकडी होऊन कागदाच्या कडेपर्यंत गेली आहे, त्याबद्दल पुढे कोणी शंका काढू नये. बाईंचा हात थरथरलेला नाही. ओटी हादरत होती.